कोड रिव्ह्यू : नसलेली ओळ कोण वाचणार?

आता कोड रिव्ह्यूकडे वळू. टीममधल्या एकाने लिहिलेला कोड मुख्य शाखेत जाण्याआधी दुसऱ्याने वाचायचा, एवढीच ही पद्धत. तिच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी भेटत नाही, आणि आम्हाला शंका येते ती तिथेच.

एक उदाहरण घेऊ. 31 डिसेंबर 2011 च्या रात्री ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टबीट' नावाची सोय जोडली गेली. समोरचा मजकूर पाठवणार, त्याची लांबी सांगणार आणि सर्व्हरने तोच मजकूर परत करायचा. आता समोरच्याने चार अक्षरं पाठवून '64 हजार आहेत' म्हटलं तर? सर्व्हर भाबडेपणाने ती चार देऊन मेमरीत शेजारी जे पडलं असेल तेही देऊन टाकत होता. त्यात पासवर्डही असू शकत. हीच ती हार्टब्लीड. जगासमोर आली एप्रिल 2014 मध्ये.

हा कोड कोणी न वाचताच आत गेला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्याचा रिव्ह्यू झाला होता. शिवाय सांगितलेली लांबी जास्त असेल तर संदेश गुपचूप टाकून द्यावा, हे त्या सोयीच्या मानकातच लिहिलेलं आहे. कोडमध्ये ती तपासणी नव्हती, एवढंच.

म्हणजे बघा, चूक होती ती एका नसलेल्या गोष्टीची. आणि आपली साधनं दाखवतात काय? डिफ. वाढलेल्या ओळी हिरव्या, काढलेल्या लाल. जी लिहिलीच नाही तिला रंगच नाही. मग डोळा रंगावरच फिरतो: व्हेरिएबलचं नाव बरं नाही, इथे एक स्पेस जास्त आहे. (ही कामं लिंटरला द्या हो, तो कशासाठी असतो?) दोन हजार ओळींचा बदल आला की तेवढंही होत नाही, खाली 'एलजीटीएम' लिहायचं आणि सुटायचं.

1976 साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी तपासणीची जी रीत मांडली, तिच्यात माणसं एकत्र बसत, भूमिका ठरलेल्या असत आणि एकजण कोड आपल्या शब्दांत समजावून सांगे. जड पद्धत होती, ती मागे पडली याचं आम्हाला फार दुःख नाही. पण आपल्या शब्दांत सांगताना 'मग लांबी तपासली' असं म्हणायला जावं आणि ते कुठेच नाही, हे तिथल्या तिथे लक्षात येतं. नुसतं वाचताना येत नाही. शिवाय सापडलेल्या चुका माणसाच्या मूल्यमापनात अजिबात धरायच्या नाहीत, असं फेगननी बजावलं होतं. आज अप्रेझलला कमेंट मोजणारा मॅनेजर असेल, तर आपला कोड मोकळेपणी कोण दाखवणार? आणि वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी टीम लीडच्या कोडखाली 'हे मला कळलं नाही' असं लिहील का?

तिने लिहायला हवं. मायक्रोसॉफ्टमधल्या टीम्सचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, लोक रिव्ह्यूकडून बग सापडण्याची अपेक्षा ठेवतात, पण हाती जास्त लागतं ते एकमेकांचं काम समजणं. तेव्हा आमचं मागणं एवढंच: मंजुरीचं बटण दाबण्याआधी रिव्ह्यूअरने दोन ओळींत लिहावं की हा कोड काय करतो आणि कसला इनपुट आला तर मोडेल. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील. ती स्प्रिंटच्या आखणीत आधीच धरावी लागतील.