भिडूवाचून अडतं तेव्हा

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम मध्यमवर्गीय घरांत आले, तेव्हा त्यांच्या कॅसेटमध्ये 'काँट्रा' हमखास असायचा. त्यातली तिसरी पातळी धबधब्याची. दोघांनी उड्या मारत वर चढायचं. वरचा गडी घाईनं पुढे निघाला की पडदाही त्याच्यासोबत वर सरकायचा आणि मागे राहिलेला खालच्या कडेला सापडून मरायचा. म्हणजे शत्रूची एकही गोळी न लागता, निव्वळ थोरल्या भावाच्या घाईपायी धाकटा गारद. त्यात भर म्हणजे आपले जीव संपले की भावाच्या शिलकीतला एक खुशाल उचलता यायचा. परवानगी वगैरे कोण विचारतंय!

कोनामीनं १९८७ मध्ये आर्केडसाठी काढलेल्या आणि पुढच्या वर्षी घरच्या यंत्रावर आणलेल्या या खेळात सहकारी खेळांची खरी गोम दिसते. मिळून जिंकण्याचा आनंद असतोच, पण तो शेवटी, आणि थोडाच वेळ. तासन्‌तास धरून ठेवतं ते दुसऱ्यावाचून अडणं, आणि आपल्यामुळे त्याचं वाटोळं होईल ही धास्ती. अटारीच्या 'गाँटलेट'नं १९८५ मध्येच हे हेरलं होतं: चौघे एका यंत्राला भिडलेले, पडद्यावर अन्नाचं एकच ताट, आणि कुणाच्या तरी भरकटलेल्या बाणानं ते ताटच नष्ट.

'को-ऑप' अशी पाटी लावून आज जे विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच मालात हे अडणं नसतं. एकट्याचाच खेळ, फक्त माणसं दोन आणि शत्रू दुप्पट. भिडू चहाला उठून गेला तरी काही बिघडत नाही. अशा खेळांत सोबत असते, सहकार्य नसतं.

व्हॉल्व्हच्या 'लेफ्ट फोर डेड'नं (२००८) ही पळवाट बुजवली. 'हंटर' नावाचा राक्षस अंगावर झेपावला की खेळाडूच्या हातात ओरडण्यापलीकडे काही उरत नाही. सोबत्यानं येऊन सोडवलं तर सुटका. आपल्याकडे बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळणारी पोरं 'नॉक झालो, रिव्हाइव दे' म्हणून फोनवर कोकलतात, ती याच असहायतेपोटी.

नेमकी उलटी वाट धरली 'जर्नी'नं (२०१२). जेनोव्हा चेन यांच्या या खेळात वाळवंटात एखादा अनोळखी प्रवासी भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. घडणीच्या काळात यात एकमेकांना धक्का देता यायचा. सोय होती म्हणून लोक सोबत्याला खड्ड्यात ढकलून मजा बघायचे. मग धक्काच काढून टाकला. आता जवळ गेलं की दोघांच्या गळपट्ट्यांत उडण्याचं बळ भरतं. माणसं तीच राहिली, नियम बदलला आणि वागणं बदललं. सहकारी खेळ घडवण्याच्या कलेतला माझ्या मते हा सर्वांत मोठा शोध.

२०२१ चा 'गेम ऑफ द इयर' ठरलेला 'इट टेक्स टू' मात्र मला अर्धाच पटतो. जोसेफ फारेस यांच्या या खेळाला एकट्यानं खेळायची सोयच नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्यातल्या एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडा. त्यानं भिंतीत खिळा ठोकायचा, तिनं त्याला लटकून झोका घ्यायचा. पुढे त्याच्याकडे चिकट रस, तिच्याकडे पेटत्या काड्या. प्रत्येक प्रकरणात नवी जोडी. कल्पकतेला खरोखर तोड नाही. पण मधूनमधून एक बोलकं पुस्तक येऊन संसारावर प्रवचन झोडतं. खिळ्या-हातोड्यानं आधीच सांगून टाकलेलं पुन्हा तोंडानं कशाला?

अलीकडची लाट आरडाओरड्याची आहे. २०२३ चा 'लीथल कंपनी', २०२५ चा 'पीक'. आवाज अंतरानुसार ऐकू येतो. अंधारात गेलेल्या मित्राची किंकाळी मध्येच तुटते आणि बाकीचे हसत सुटतात. युक्ती झकास आहे. पण मित्र गमतीदार नसतील तर खेळात फारसं काही उरत नाही. दरम्यान, एका खोलीत बसून खेळायची सोय मोठ्या कंपन्या आवरती घेत आहेत. 'हेलो'सारख्या मालिकेनंही २०१५ च्या पाचव्या भागात दुभागलेला पडदा काढून टाकला.

एक जुनं दुखणं मात्र बहुतेक सहकारी खेळांतून गेलेलं नाही: सराईत खेळाडू हुकूम सोडतो आणि नवखा हरकाम्या होतो. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स'नं (२०१५) त्यावर सोपा उतारा काढला. बॉम्ब एकालाच दिसतो, तो निकामी करायची २३ पानी पुस्तिका इतरांकडे. ‘तीन वायरी आहेत.’ ‘लाल आहे का?’ ‘नाही.’ ‘मग दुसरी काप.’ इथवर सोपं. मग येतात चिन्हं. ‘उलटा सी, मध्ये ठिपका.’ ‘ठिपका आत की बाहेर?’ तिकडे घड्याळ टिकटिकतंच आहे. कितीही मुरलेला खेळाडू असो, इथे त्याला समोरच्याचं नीट ऐकावंच लागतं.

पुस्तिका फुकट मिळते, खेळाची एकच प्रत पुरते, आणि पुस्तिका धरणाऱ्याला कंट्रोलरला हातही लावावा लागत नाही. तेव्हा ‘मला नाही बाई ते गेम-बिम जमत’ म्हणणारं घरात जे कुणी असेल, त्याच्या हाती ती छापून द्या आणि बॉम्बपुढे तुम्ही बसा.