आकडा सावरला, पण मूल?

संशोधनासाठी विषय शोधताय आणि ‘जागतिक संकटं आणि शिक्षणाचं भवितव्य’ असं काहीतरी डोक्यात घोळतंय? मग आधी एक साधा तक्ता वाचायला शिकूया. मीसुद्धा अशाच भारदस्त शीर्षकापासून सुरुवात केली होती. पहिल्या मसुद्यात ‘कोविडमुळे झालेली अध्ययन-हानी’ हे शब्द जागोजागी पेरले होते. गाईड मॅडमनी समासात दोनच प्रश्न लिहिले: “कोणाची? कशाच्या तुलनेत?” त्या दोन प्रश्नांत माझा एक महिना गेला. तुमचा वाचावा म्हणून ही पोस्ट.

‘असर’ सर्वेक्षण तुम्हाला माहीत असेलच. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून साधा मजकूर वाचायला देतात. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो? २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये पुन्हा सुमारे २७ टक्के. यावरून सरळ निष्कर्ष निघाला: नुकसान भरून निघालं.

आता थांबा आणि विचारा, ही मुलं कोण?

२०२२ मध्ये तिसरीत असलेली मुलं २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली. बहुतेक ठिकाणी त्यांची पहिली वर्गात न बसताच संपली. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुलं मात्र पहिलीत आली ती २०२२ मध्ये, म्हणजे शाळा उघडल्यावर. थोडक्यात, सावरली ती तिसरीची इयत्ता. ज्यांचं नुकसान झालं ती मुलं तोवर पाचवीत पोचली होती. वर्गात नवी मुलं आली आणि आकडा वर गेला, याला ‘मुलं सावरली’ म्हणता येत नाही.

हा दोष सर्वेक्षणाचा नाही. पाचवीचे आकडे ‘असर’ वेगळे देतंच. दर वेळी नवा नमुना घेऊन त्या वेळचं चित्र टिपणं हे त्याचं काम, आणि ते मोलाचं आहे. चूक आपल्या वाचनाची. तेच मूल पुढे कुठे गेलं हे हवं असेल, तर त्याच मुलांच्या मागे वर्षानुवर्षं जावं लागतं. ‘यंग लाइव्ज’ हा अभ्यास आंध्र-तेलंगणसह चार देशांत २००२ पासून तेच करतोय.

आणखी एक खाच. ६ ते १४ वयोगटातल्या मुलांचं सरकारी शाळांतलं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ७२.९ झालं. म्हणजे फक्त सरकारी शाळांची दोन वर्षं शेजारी ठेवलीत, तर दोन वेगळ्या गर्दींची तुलना होते. हे लिहिलं नाहीत तर व्हायवात कोणीतरी विचारणारच!

आता मोठ्या अहवालांकडे या. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या आयोगाने, इथिओपियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष साहले-वर्क झेवडे यांच्या अध्यक्षतेखाली, शिक्षणासाठी ‘नवा सामाजिक करार’ मांडला. नजर २०५० वर. सहकार्य, समता, पृथ्वीची काळजी, यातलं काहीच मला अमान्य नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एवढ्या उंचीवरून पाहिलं की पिढ्या दिसतात, पण मधली ती दोन-तीन वर्षांची मुलं दिसेनाशी होतात. २०२० मध्ये सहा वर्षांची असलेली मुलगी २०५० मध्ये छत्तीस वर्षांची असेल. भवितव्य म्हणतात ते तिचंच ना?

म्हणून विषय लिहिताना ‘शिक्षणाचं भवितव्य’ खोडा. कोणत्या साली पहिलीत गेलेली, कुठली मुलं, ते लिहा. शीर्षक जरा कमी भारदस्त होईल. पण समासातल्या त्या दोन प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर असेल.