हप्त्यांवरचें घर : १९४९ सालची अमेरिका आणि एक नाटक

एखाद्या देशाचें एखादें वर्ष समजून घ्यावयाचें असेल तर त्या वर्षींच्या जाहिराती वाचाव्या, असें म्हणणारा एक पक्ष आहे. त्या वर्षींचीं नाटकें पाहावीं, असें म्हणणारा दुसरा. अमेरिकेच्या १९४९ सालापुरता तरी हा वाद फार काळ चालूं नये. जाहिरातींनीं ज्या वस्तूंचे गोडवे गाइले, त्याच वस्तूंचा जमाखर्च आर्थर मिलर यांनीं 'डेथ ऑफ ए सेल्समन' या नाटकांत मांडला. त्याचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कच्या मोरोस्को रंगमंदिरांत १० फेब्रुवारी १९४९ रोजीं झाला.

प्रथम जाहिरातींतलें वर्ष पाहूं. युद्ध संपून चार वर्षें होत आलीं होतीं. परतलेल्या सैनिकांस सरकारी हमीवर घरासाठीं कर्ज मिळत होतें, आणि लाँग आयलंडवर बटाट्यांच्या शेतांच्या जागीं लेव्हिट कंपनी एकाच सांच्याचीं घरें शेंकड्यांनीं उभारीत होती. त्या वर्षीं तीं घरें ७,९९० डॉलरांस विक्रीस निघालीं. रेफ्रिजरेटर आणि कपडे धुण्याचें यंत्र घराबरोबरच मिळे. मात्र कृष्णवर्णीय कुटुंबास तेथें घर मिळत नसे, ही गोष्ट जाहिरातींच्या रंगीत चित्रांत कोठें दिसत नाहीं. टेलिव्हिजन नुकताच घरांत शिरूं लागला होता; मंगळवारीं रात्रीं मिल्टन बर्ल याचा विनोद पाहण्यास शेजारीपाजारी एकाच दिवाणखान्यांत जमत. एप्रिलमध्यें 'साउथ पॅसिफिक' हें संगीत नाटक रंगभूमीवर आलें आणि पुढें १,९२५ प्रयोगांपर्यंत चाललें. सारांश, हें वर्ष भरल्या घराचें होतें.

मिलर यांचें नाटक याच भरल्या घरांत शिरतें. विली लोमन हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता. ब्रुकलिनमधील त्याच्या लहानशा घराभोंवतीं उंच चाळी उठल्या आहेत. परसांत बी पेरावें तर ऊन पोंचत नाहीं. त्याची पत्नी लिंडा आठवड्याचें देणें त्याला मोजून दाखविते : रेफ्रिजरेटरचा हप्ता, धुण्याच्या यंत्राचा हप्ता, छपराची दुरुस्ती, मोटारीची दुरुस्ती. जी वस्तु फिटत आली, ती तोंवर मोडकळीस आलेली असते. विली काय विकतो हें मिलर अखेरपर्यंत सांगत नाहींत. हें मौन आम्हांस नाटकाचें मोठें बळ वाटतें. कारण तो स्वतःलाच विकीत आला आहे, हें कळण्यास मालाचें नांव लागत नाहीं. जो लोकांस आवडतो तो जगांत तरतो, ही त्याची श्रद्धा. आणि ती त्याला त्याच युगानें शिकविली आहे.

या दृष्टीनें नोकरी सुटण्याचा प्रवेश सर्वांत निर्घृण आहे. विली कामाची याचना करीत असतो, आणि धन्याचा तरुण मुलगा, जो आतां स्वतःच धनी झाला आहे, त्याला आपलें नवें ध्वनिमुद्रण यंत्र ऐकविण्यांत रमलेला असतो. यंत्रांतून त्याच्या मुलांचे आवाज येतात. समोरच्या जिवंत माणसाचा आवाज मात्र त्याला ऐकूं येत नाहीं. नाटककारानें येथें कसलेंहि भाष्य केलेलें नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं.

सामान्य माणसाच्या पडण्यास शोकनाट्याची उंची कोठून येणार, असा आक्षेप या नाटकावर घेतला जातो. मिलर यांनीं २७ फेब्रुवारी १९४९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखांत उत्तर दिलें : स्वतःच्या प्रतिष्ठेसाठीं प्राण पणास लावणारा कोणीहि शोकनाट्याचा नायक होऊं शकतो, मग तो राजा असो वा नसो. उत्तर उदार आहे, परंतु पुरेसें नाहीं. विली प्राण देतो तो २०,००० डॉलरांच्या विम्यासाठीं, म्हणजे जो भ्रम त्याला खाऊन गेला त्याच भ्रमाच्या हिशेबांत. त्याला शेवटपर्यंत कांहींच उमगत नाहीं. उमगतें तें त्याच्या मुलास, बिफला. आमच्या मतें या शोकनाट्याचें खरें वैशिष्ट्य हेंच कीं, पतन एकाचें आणि आत्मबोध दुसऱ्याचा, असें तें बापलेकांत वांटलें गेलें आहे. हप्त्यांवर जगणाऱ्या पिढीचें ज्ञानहि पुढच्या पिढीच्या नांवें पडतें.

दोषहि सांगावयास हवेत. बोस्टनच्या हॉटेलांत बिफला बापाचें जें पाप दिसतें, त्यावर नाटकाचा फार भार पडला आहे. एका रात्रीच्या अपघातानें मुलाचें आयुष्य उलटतें असें दाखविल्यावर, ज्या समाजावर बोट ठेवावयाचें त्यावरील बोट किंचित् ढळतें. लिंडाहि अपुरी राहिली आहे. ती सर्व जाणते, सर्व सोसते. परंतु तिला स्वतःचें असें एकहि स्वप्न नाटककारानें दिलें नाहीं.

तथापि या नाटकाची भीति कोणास वाटली, हें पाहिलें म्हणजे त्याचें मोल कळतें. १९५१ सालीं कोलंबिया कंपनीनें त्यावर चित्रपट काढला, तेव्हां विक्रेत्याचा धंदा किती सुखाचा आहे हें दाखविणारा एक लघुपट त्याच्या आधीं दाखविण्याचा तिचा विचार होता, असें मिलर यांनीं १९८७ च्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. मूळ चित्र खोटें ठरविण्यासाठीं मालकच जाहिरात करूं लागले! पुढें १९८३ मध्यें स्वतः मिलर यांनीं बीजिंगच्या रंगभूमीवर हें नाटक बसविलें. तेथें फिरते विक्रेते नव्हते आणि विम्याची ओळखहि फारशी नव्हती. पण मुलाकडून मोठेपणाची आस धरणारा बाप तेथल्या प्रेक्षकांस परका वाटला नाहीं.

नाटकाच्या अखेरीस लिंडा थडग्यापाशीं बसून पतीस सांगते कीं घराचा शेवटचा हप्ता आज फिटला. १९४९ सालच्या जाहिरातींत हा दिवस आनंदाचा असता. वर्ष तेंच, घर तेंच. राहणारा मात्र उरला नाहीं. त्या सालचें खरें वृत्त हवें असणाऱ्यानें जाहिराती अवश्य वाचाव्या, पण त्या या थडग्यापाशीं बसून वाचाव्या.