२४२ विरुद्ध १०१: ग्राफिक्स कार्डाचा तक्ता कसा वाचायचा

संशोधनाला लागणाऱ्या मुलांचा हल्ली एक ठरलेला प्रश्न असतो. फेलोशिपच्या पैशांतून कार्ड घ्यायचंय, आरटीएक्स ३०६० घेऊ की ४०६०? बरेचदा विचारतानाच उत्तर मनात पक्कं झालेलं असतं: ४०६० नवं, म्हणजे चांगलं. एनव्हिडियाचा तक्ताही तसंच सांगतो. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला आलं, ४०६० जून २०२३ च्या अखेरीस २९९ डॉलरला. वेग जास्त, किंमत कमी. आणखी काय हवं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या मशीनवर मॉडेल ट्रेन करायचं असेल, तर या दोघांत १२ जीबीचं ३०६० घ्या. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तक्ता उघडा.

सगळ्यात जास्त फसवणारा आकडा टेन्सर कोरचा आहे. कंपनीने ३०६० साठी १०१ टेराफ्लॉप्स सांगितले होते आणि ४०६० साठी २४२. म्हणजे जवळपास अडीचपट! पण हे दोन आकडे एका मापाने मोजलेलेच नाहीत. १०१ हा १६-बिट गणिताचा आकडा, तर २४२ हा ८-बिटचा. संख्येचे बिट निम्मे केले की त्याच कोरमधून दुप्पट गणितं निघतात, त्यामुळे १६-बिटला ४०६० चा आकडा १२१ वर येतो. पुन्हा दोन्हीकडे स्पार्सिटी धरलेली आहे. म्हणजे वेट्सच्या दर चार संख्यांपैकी दोन शून्य आहेत असं मानून आकडा दुप्पट केलेला. तुमचं नेहमीचं ट्रेनिंग तसं चालत नाही. तो फुगवटा काढला तर उरतात साधारण ६० आणि ५१. अडीचपटीचा वीसेक टक्क्यांवर आला फरक. यात खोटं काहीच छापलेलं नाही बरं का, फक्त किलो आणि शेर एकाच रकान्यात मांडलेत.

मेमरीच्या वेगाचीही तीच गत. ३०६० ची मेमरी १९२ बिट रुंद वाटेने सेकंदाला ३६० जीबी पोचवते. ४०६० ची वाट १२८ बिटची, वेग २७२ जीबी. नवं कार्ड इथे सरळ मागे आहे. म्हणून कंपनीने शेजारी आणखी एक आकडा दिला: ‘परिणामी’ बँडविड्थ ४५३ जीबी. हा आला कुठून? चिपवरची एल-टू कॅशे ३ एमबीवरून २४ एमबी झाली, त्यामुळे गेम खेळताना बराच डेटा तिथेच सापडतो आणि मेमरीपर्यंत जावं लागत नाही, असा हिशोब. गेमपुरता तो ठीक आहे, आणि मोठी कॅशे ट्रेनिंगलाही थोडीफार मदत करतेच. पण बर्ट-लार्जसारखं आजच्या मानाने चिमुकलं मॉडेल घ्या: ३४ कोटी पॅरामीटर, १६-बिटमध्ये नुसते वेट्स ६८० एमबी. ते २४ एमबीत कसे मावणार? प्रत्येक स्टेपला मेमरीकडे जावंच लागतं. गेमवरून काढलेला आकडा आपल्या कामाला लावायचा नाही.

आता खरा मुद्दा. ३०६० वर १२ जीबी, ४०६० वर ८. वहीवर करून बघा. मिक्स्ड प्रिसिजनमध्ये अ‍ॅडम वापरलात तर दर पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात: १६-बिट वेट्स आणि ग्रेडियंट मिळून ४, वेट्सची ३२-बिट प्रत ४, आणि अ‍ॅडमच्या दोन सरासऱ्यांचे ८. बर्ट-लार्जला झाले ५.४ जीबी, आणि यात अजून एकही वाक्य मॉडेलमध्ये गेलेलं नाही. ८ जीबीच्या कार्डावर अ‍ॅक्टिव्हेशनसाठी अडीच जीबीच उरले, त्यातही स्क्रीन आणि क्युडाचा वाटा. १२ जीबीवर साडेसहा उरतात. गूगलने २०१८ मध्ये बर्टसोबत दिलेला तक्ता जरूर पाहा. १२ जीबीच्या टायटन एक्सवर बर्ट-लार्जला १२८ टोकनच्या वाक्यांसाठी बॅच ६ ची बसत होती आणि ५१२ ला चक्क शून्य. तेव्हा १२ सुद्धा अपुरे पडत होते.

वेग कमी असला तर रात्रभर थांबता येतं. मेमरी कमी पडली तर बॅच लहान करा, वाक्यं कापा, ग्रेडियंट साठवा, अर्धे लेयर गोठवा... आणि मग पेपरमधला निकाल तुमच्याकडे का येत नाही याचं उत्तर महिनोन्‌महिने कोडमध्ये शोधत बसा. विंडोजवर तर आणखी एक मेख आहे. मेमरी भरली की ड्रायव्हर उरलेला डेटा गुपचूप मशीनच्या रॅममध्ये टाकू शकतो. एरर येत नाही, ट्रेनिंग फक्त गोगलगायीसारखं चालतं. ४०६० ला पीसीआय-ईच्या आठच लेन आहेत, ३०६० ला सोळा, त्यामुळे हा फटका तिला जास्त बसतो. मदरबोर्ड जुना असेल तर विचारूच नका.

४०६० ची बाजूही मांडायला हवी. ती ११५ वॅटवर चालते, ३०६० ला १७० लागतात. महिनाभर अखंड चालवलं तर फरक सुमारे ४० युनिटचा. उकाड्यात छोट्या खोलीत हे जाणवतं, आणि खोलीमालकालाही. मॉडेल छोटं असेल, प्रतिमांचं साधं वर्गीकरण वगैरे, तर ४०६० बहुधा पुढेच राहील. गेमसाठी घेत असाल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा.

मात्र कार्डाचं नाव ठरवण्याआधी एक काम करा. तुमचा कोड प्रयोगशाळेतल्या किंवा मित्राच्या मोठ्या कार्डावर पन्नासेक स्टेप चालवा आणि मेमरी जास्तीत जास्त किती लागली ते बघा. पायटॉर्चमध्ये त्याची सोय आहे. आकडा ६ च्या आत असेल तर कुठलंही कार्ड घ्या. ७ ते ११ मध्ये असेल तर उत्तर मिळालंच. त्याच्या वर गेला तर दोन्ही सोडा, विभागाच्या सर्व्हरवर वेळ मागा.

आणि दुकानात नुसतं “३०६० द्या” म्हणू नका. २०२२ च्या शेवटी याच नावाने ८ जीबीचंही कार्ड आलं. कोर तितकेच, पण वाट १२८ बिटची आणि वेग २४० जीबी, म्हणजे ४०६० पेक्षाही कमी. खोक्यावर १२ जीबी लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या.