अनुपस्थित खेळाडू, उपस्थित पात्र : भूमिकाखेळातील कर्तृत्वाचा प्रश्न

ठरलेल्या प्रयोगाला एखादा नट येऊ शकला नाही, तर बदली नट उभा केला जातो आणि प्रयोग पार पडतो. प्रेक्षक कुरकुरतात, पण भूमिका बंद पडत नाही. कारण भूमिकेचे शब्द नटाच्या येण्यापूर्वीच लिहिले गेलेले असतात. कादंबरीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे पात्र प्रकरणेच्या प्रकरणे दिसले नाही, तर ती लेखकाची योजना ठरते आणि समीक्षक तिचा अन्वय लावू लागतात. परंतु गेल्या अर्धशतकात रूढ झालेला कथनाचा एक प्रकार असा आहे, की ज्यात पात्राचा कर्ता एखाद्या संध्याकाळी येतच नाही, आणि पात्र मात्र कथेच्या ऐन मध्यावर, एखाद्या भुयारात, मशाल हाती धरून उभे असते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांतील ही नित्याची अडचण आहे. खेळणारे तिच्याकडे व्यवहाराची बाब म्हणून पाहतात. ती केवळ तेवढीच नाही. लेखकत्वासंबंधीच्या काही गृहीतकांची कसोटी या अडचणीत लागते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि या प्रकाराची मूळ चौकट त्याने घालून दिली. एक जण डंजन मास्टर होतो. जग, त्यातील संकटे आणि दुय्यम पात्रे त्याच्या स्वाधीन. उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे एकेक पात्र. पात्राचे बळ, कौशल्ये, शस्त्रे ही एका कागदावर आकड्यांत नोंदलेली असतात. त्या कागदाला पात्रपत्रिका म्हणता येईल. पात्र काय करते, काय बोलते हे त्याचा खेळाडू ठरवतो. ते साधते की नाही हे पुष्कळदा फासे ठरवतात. संहिता आधी नसते. ती बैठकीत, बोलण्यातून घडत जाते.

या चौकटीत गैरहजेरी पहिल्यापासून अडचणीची होती, असे मात्र नाही. १९७४ च्या नियमपुस्तिकेत एका मोहिमेत चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू धरले होते आणि एका पंचामागे सुमारे वीस हे प्रमाण सुचवले होते. इतकी माणसे दर वेळी एकत्र येणार नाहीत, हे त्या आकड्यांतच गृहीत आहे. त्या वेळची धाटणी साधी होती : जे आले त्यांनी भुयारात उतरावे, मिळेल ते घेऊन वर यावे. न आलेल्याचे पात्र गावी राहिले, एवढे म्हटले की भागे. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी कालगणनेच्या काटेकोर नोंदींचा आग्रह धरला आणि खेळ चालू नसताना प्रत्यक्षातला एक दिवस म्हणजे खेळातला एक दिवस, असे सुचवले. याचा अर्थ असा, की खेळाडू घरी असतानाही पात्राचे आयुष्य चालू असे. ते कोणाच्या डोळ्यांपुढे मात्र नसे. पुढे बेन रॉबिन्स यांनी 'वेस्ट मार्चेस' या आपल्या मोहिमेविषयी २००७ साली लिहिले, तेव्हा हीच जुनी शिस्त जाणीवपूर्वक पुन्हा उभी राहिली : बैठक संपण्याआधी सर्वांनी गावी परतायचे, आणि पुढच्या वेळी कोण निघणार हे खेळाडूंनीच ठरवायचे. अशा रचनेत कोणीही गैरहजर नसतो. काही जण फक्त निघालेले नसतात.

गैरहजेरीला 'गैरहजेरी'चे रूप आले ते कथेला सलगपणाची ओढ लागल्यावर. १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेत आधीच रचलेले नायक आणि महाकाव्यासारखे पुढे सरकणारे कथानक होते. हे नायक पुढील भागांतही लागणार असल्याने, त्यांच्यापैकी कोणी पडलाच तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, देह सापडू देऊ नये, अशी सोयही तेथे सुचवलेली होती. या नायकांच्या कथेला समांतर कादंबऱ्याही त्याच सुमारास निघाल्या. त्यामुळे असा नायक नाटकातल्या भूमिकेच्या बराच जवळ जातो. तो दुसऱ्याच्या हाती दिला तरी त्याचे ओळखू येणे सुटत नाही. परंतु या मालिकेमागची सलग कथानकाची आकांक्षा सर्वत्र पसरली आणि आधीच रचलेले नायक मागे राहिले. प्रत्येकाने आपले पात्र आपणच निर्मायचे आणि तरीही वर्षानुवर्षे चालणारी एकच कथा सर्वांनी मिळून घडवायची, ही आज रुळलेली पद्धत आहे. या दोन अपेक्षा एकमेकींना सर्वस्वी मानवणाऱ्या नाहीत. बैठक निर्णायक प्रसंगावर थांबते, पुढच्या वेळी एक जण आजारी पडतो, आणि त्याचे पात्र त्या प्रसंगाच्या मधोमध अडकून राहते.

यावर रूढ असलेले उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. पात्राला काही निमित्ताने बाजूला करायचे. निमित्त न सांगता ते जणू नव्हतेच असे मानायचे. डंजन मास्टरने ते चालवायचे. किंवा दुसऱ्या खेळाडूकडे पत्रिका सोपवायची. यांतील शेवटच्या दोन उपायांना जोडून एक संकेत पुष्कळ ठिकाणी पाळला जातो, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. पात्र लढते, जखमा बांधते, कुलूप उघडते, पण बोलत नाही. त्याचे आकडे वापरले जातात. त्याचे मत विचारले जात नाही. वाटाघाटीच्या प्रसंगी ते मागे कोठेतरी उभे असते.

गॅरी अॅलन फाइन यांनी 'शेअर्ड फँटसी' या १९८३ च्या अभ्यासात गॉफमन यांची चौकटीची संकल्पना वापरून या खेळातील तीन पातळ्या वेगळ्या केल्या : व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. खेळ रंगात असताना या पातळ्या एकमेकींत इतक्या सहज मिसळतात, की त्यांचे सांधे दिसत नाहीत. ते उघडे पडतात ते या मुक्या पात्रात. व्यक्ती घरी आहे, खेळाडूची जागा उसनी भरलेली आहे आणि पात्र दोन भागांत फाटलेले आहे. क्षमता त्याच्याकडे राहिली, इच्छा गेली. आपण लोकांनी कोणताही सिद्धांत न वाचता येथे एक सिद्धांत मान्य केलेला असतो : पात्राचे पात्रपण त्याच्या कृतीत नसून निवडीत आहे. पत्रिकेवरचे सारे काही दुसऱ्याला देता येते. जे देता येत नाही ते पत्रिकेवर लिहिलेलेच नसते. मराठीतला 'पात्र' हा शब्द भांड्याचाही वाचक आहे, हे येथे सहज आठवते. भांडे हाती दिले तरी त्यात काय ओतायचे हे कोणी सांगितलेले नसते.

यावर एक आक्षेप संभवतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. तेव्हा पात्रावर निर्मात्याचा असा हक्क मानणे हे जुन्या लेखकपूजेचेच अवशेष नव्हेत काय? सामूहिक कथनात तरी 'माझे पात्र' ही भाषा सोडायला हवी, असे म्हणता येईल. आक्षेप आकर्षक आहे, पण तो येथे लागू पडत नाही. बार्थ यांचा लेखक बाजूला होतो तो संहिता लिहून झाल्यावर. वाचकाला मोकळीक मिळते ती पूर्ण झालेल्या लेखनाच्या अर्थाबाबत. भूमिकाखेळात लेखन व्हायचे आहे. गैरहजर खेळाडूच्या वतीने निर्णय घेणारा अर्थ लावत नसतो, तो पुढची ओळ लिहीत असतो. आणि ती ओळ परतून आलेल्या खेळाडूला आपल्या पात्राचा भूतकाळ म्हणून स्वीकारावी लागते.

या ठिकाणी बाख्तिन अधिक उपयोगी पडतात. दोस्तोयव्हस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) त्यांनी असे प्रतिपादन केले, की या कादंबरीकाराचे नायक इतरांनी आपल्याविषयी उच्चारलेला अंतिम शब्द नाकारतात; जोवर माणूस जिवंत आहे तोवर तो आपल्याविषयीच्या प्रत्येक व्याख्येला उत्तर देऊ शकतो. कादंबरीत ही अपूर्णता लेखकाने दिलेली देणगी असते, आणि मनात आणले तर तो ती काढूनही घेऊ शकतो. भूमिकाखेळात ती देणगी नसून वस्तुस्थिती असते : पात्र अपूर्ण आहे, कारण त्याच्यासाठी बोलणारा दुसरा जिवंत माणूस समोर बसलेला आहे. तो उठून गेला की उत्तर देण्याची शक्यताच तेवढ्या काळापुरती जाते. उरलेले सर्व जण त्या पात्राविषयी जे म्हणतील ते निर्विवाद ठरते. 'तो तर नेहमी पुढे धावतोच' असे हसत म्हणून दुसऱ्याच्या योद्ध्याला दरवाजात ढकलणारा खेळाडू नकळत त्याच्यावर अंतिम शब्द उच्चारत असतो. असे अंदाज बहुधा अचूक असतात. दोष अचूकपणाच्या अभावात नाहीच. अंदाज बरोबर ठरल्यामुळे पात्राची सवय होते, आणि सवय झालेले पात्र आश्चर्य देत नाही.

या प्रश्नाची धार मृत्यूपाशी जाणवते. गैरहजर खेळाडूचे पात्र मरू द्यावे काय? पुष्कळ गट देत नाहीत, आणि हा दयाळूपणा समजण्यासारखा आहे. पण मग ते पात्र धोक्यात नाही हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्याला इतरांपुढे ढाल म्हणून उभे करण्याचा मोह अगदी सज्जन खेळाडूंनाही आवरत नाही. उलट, मरू दिले तर पात्राचा शेवट त्याच्या कर्त्याला निरोपाने कळतो. पहिल्या पर्यायात कथा खोटी होते, दुसऱ्यात नाते दुखावते. यांतून निसटण्याची मधली वाट कोणी शोधली असेल तर तिचे स्वागत आहे. पण अनुभवजुन्या गटांचा कल पात्राला रंगणातून बाहेर काढण्याकडेच दिसतो, आणि तो योग्य वाटतो. आपल्या वतीने भित्रेपणा झाला हे सहन होते. आपल्या वतीने शौर्य झाले आणि आपण मेलो, हे होत नाही.

बाहेर काढणे मात्र कसे, यावर कथेचा कस अवलंबून आहे. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांच्या 'आर्स मॅजिका' (१९८७) या खेळाने हे कोडे रचनेतच सोडवले. तेथे प्रत्येक खेळाडूचा एक मांत्रिक असतो. मांत्रिकांचे खरे काम आपल्या मठवजा वस्तीतील प्रयोगशाळेत ऋतूंमागून ऋतू चालणारे अध्ययन हेच असते. त्यांचे बाहेर न येणे हे त्यांच्या स्वभावाला धरून असते. सोबतच्या सैनिक-सेवकांचा ताफा कोणा एकाचा नसून सर्वांचा; ज्याला वाटेल त्याने त्या संध्याकाळी त्यातला एक उचलावा. सूत्रे हाती घेण्याची जबाबदारीही आळीपाळीने येऊ शकते. अन्यत्र डंजन मास्टर आला नाही की बैठकच होत नाही, ही विषमता सर्वांनी इतकी स्वाभाविक मानलेली आहे की तिच्याबद्दल क्वचितच कोणी बोलते. 'आर्स मॅजिका'त पात्रांवरील मालकीच्या पायऱ्या आहेत : माझे, आणि आपले. गैरहजेरीचा प्रश्न तेथे मिटला तो मालकी नाकारून नव्हे, तिचे वाटप करून.

इतर खेळांत हे वाटप प्रसंगानुसार करावे लागते. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण 'क्रिटिकल रोल' या व्यावसायिक आवाज-कलावंतांच्या प्रक्षेपित मोहिमेत सापडते. अॅशली जॉन्सन यांना चित्रीकरणासाठी वारंवार दूर राहावे लागे. २०१८ च्या जानेवारीत सुरू झालेल्या दुसऱ्या मोहिमेतील त्यांची याशा ही मुळातच न सांगता निघून जाणारी, वादळाच्या मागावर भटकणारी अशी पुढे आली. वेळापत्रकाची अडचण स्वभावाचे गूढ म्हणून वाचली जावी, हे चातुर्य वादातीत आहे. त्याच वर्षी लॉरा बेली आणि ट्रॅव्हिस विलिंगहॅम हे दांपत्य अपत्यजन्मामुळे रजेवर गेले. मग जेस्टर, फ्यॉर्ड आणि याशा या तिघांना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेल्याचा प्रसंग योजला गेला. गैरहजेरी आता नुसती झाकली गेली नाही, तीच कथानक झाली : उरलेले मित्र त्यांच्या शोधात निघाले. बंदिवासामुळे तिघांच्याही वतीने कोणाला निर्णय घ्यावा लागला नाही, आणि त्यांचे पात्रपण अबाधित राहिले.

सव्विसाव्या भागात या सुटकेच्या प्रयत्नात मॉलीमॉक मारला गेला. त्याचे खेळाडू टॅलिसिन जाफे त्या वेळी टेबलाशी बसलेले होते. धोका पत्करण्याचा निर्णय त्यांचा होता, फासे पडले तेही त्यांच्यासमोर. बंदी झालेल्या पात्रांना आपला मित्र गेल्याचे सुटका झाल्यावरच कळले. त्यांचे शोक करणे पुढील भागांत खेळले गेले, आणि ज्या संध्याकाळी आपण तेथे नव्हतो तिचा हिशोब ती पात्रे आपल्या तोंडून, आपल्या शब्दांत मांडू लागली.