मधाने बुजवलेली विहीर

वर्गात करून दाखवावा असा प्रयोग चित्रपटात क्वचितच सापडतो. पीटर बर्ग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘डीपवॉटर होरायझन’ (२०१६) या चित्रपटाच्या सुरुवातीलाच तसा एक प्रयोग आहे. समुद्रातील तेलविहिरीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाची लहान मुलगी, आपले बाबा काय काम करतात हे शाळेत सांगण्याची घरी तालीम करते आहे. थंड पेयाच्या बंद डब्यात ती धातूची नळी घुसवते. पेय उसळून वर येते. मग ती नळीत मध ओतते आणि उसळणे थांबते. सगळे तिचे कौतुक करतात. थोड्या वेळाने मात्र मधाला न जुमानता पेयाचा फवारा उडतो.

आम्ही काही शिक्षक मित्रांसह हा चित्रपट पाहिला, तेव्हा चर्चा सर्वांत जास्त झाली ती या दोन मिनिटांच्या प्रयोगावर. प्रयोग सुंदर आहे. पण जे शिकवायला हवे होते तेच त्यात राहून गेले आहे, असे आम्हाला वाटते.

आधी घटना थोडक्यात पाहू. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘मकोंडो’ नावाच्या तेलविहिरीतून वायू उफाळून वर आला आणि ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. विहीर बीपी या कंपनीची, फलाट ट्रान्सओशन कंपनीचा. तेथे समुद्राची खोली सुमारे १,५०० मीटर आणि विहिरीचा तळ समुद्रपातळीपासून सुमारे ५,६०० मीटर खाली होता. विशेष म्हणजे त्या दिवशी तेल काढण्याचे काम चालू नव्हते. खोदाई संपली होती आणि विहीर तात्पुरती बुजवून फलाट दुसरीकडे न्यायचा होता. म्हणजे ही गोष्ट मुळात विहीर बुजवण्याची आहे.

मुलीच्या भाषणातील एक चूक आधी सांगून टाकतो, कारण ती आपल्या विद्यार्थ्यांच्याही मनात असते. तेल म्हणजे दाबले गेलेले डायनासोर, असे ती म्हणते. खनिज तेल मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनले आहे. डायनासोरांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मधाकडे वळू. मध म्हणजे विहिरीतील ‘मड’, खोदताना वापरला जाणारा जड चिखल. मकोंडोत त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.७ पट होती. खालच्या खडकातील तेल आणि वायू वर येऊ पाहतात. त्यांना या चिखलाच्या उंच स्तंभाचा दाब थोपवून धरतो. आठवी-नववीत शिकवलेले दाब, खोली आणि घनता यांचे नाते येथे जसेच्या तसे लागू पडते. पण चिखल हा तात्पुरता पहारेकरी आहे. फलाट हलवायचा तर तो काढून त्या जागी समुद्राचे पाणी भरावे लागते. घनता १.७ वरून १.०३ वर येते. सुमारे २,५५० मीटर उंचीच्या स्तंभात हा बदल करायचा होता. गणित केले तर तळावरचा दाब सुमारे १६० वातावरणांनी कमी होतो असे दिसेल. एवढे ओझे उतरवल्यावर वायूला थोपवायचे कोणी? सिमेंटने. मुलीच्या प्रयोगात नेमके हे सिमेंटच नाही.

सिमेंट वाळून कडक होते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक अभिक्रिया होते आणि त्यातून घट्ट जाळे तयार होते. म्हणून तर गवंडी नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवतो. पाण्याने भरलेल्या विहिरीतही सिमेंट धरते ते याचमुळे. विहिरीत पोलादी नळी उतरवली की ती आणि खडक यांच्यामधल्या अरुंद फटीत सिमेंट भरायचे असते. नळी एका बाजूला टेकली तर तेथे चिखल तसाच राहतो आणि वायूला वाट मिळते. सिमेंट फार जड केले तर कमकुवत खडकाला तडा जातो. म्हणून मकोंडोत नायट्रोजनचे बुडबुडे मिसळून ते हलके केले होते. हे मिश्रण स्थिर राहत नसावे, असे नंतर चौकशी आयोगाने करवून घेतलेल्या चाचण्यांत दिसले. सिमेंट खडकाला नीट चिकटले आहे का, हे तपासण्यासाठी आलेले पथक चाचणी न करताच परत पाठवले गेले, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो. त्याबद्दल दिग्दर्शकाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

चित्रपटाचा गाभा मात्र पुढच्या चाचणीत आहे. विहिरीतला दाब मुद्दाम कमी करायचा आणि खालून काही वर येते का ते पाहायचे, अशी ही चाचणी. विहिरीत उतरलेल्या दोन नळ्यांवर दाब मोजला गेला. एकीत दर चौरस इंचाला १,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ ९५ वातावरणे. दुसरीत शून्य.

येथे चित्रपट थांबवून वर्गाला प्रश्न विचारावा. गवंडी पाण्याच्या पारदर्शक नळीने दोन भिंतींवर एकच पातळी कशी काढतो? एकमेकांना जोडलेल्या नळ्यांत एकच द्रव असेल तर एका पातळीवर दाब सारखाच हवा. मग एकीत १,४०० आणि दुसरीत शून्य कसे? एक तर विहीर गळते आहे, किंवा शून्य दाखवणारी नळी कोठेतरी तुंबली आहे. दोन्ही परिस्थितींत चाचणी उत्तीर्ण झाली असे म्हणता येत नाही. फलाटावर मात्र तसे म्हटले गेले. वरच्या जड द्रवाचा भार रबरी झडपेवर पडून हा दाब दिसतो, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि शून्याचा आकडा स्वीकारला गेला.

चित्रपटात हे स्पष्टीकरण बीपीच्या अधिकाऱ्याच्या तोंडी आहे. जॉन माल्कोविच यांनी तो असा रंगवला आहे की खलनायक कोण हे प्रेक्षकाला लगेच कळते. आयोगासमोर आलेल्या बीपीच्या साक्षीदारांच्या म्हणण्यानुसार ते मांडले होते ट्रान्सओशनच्याच एका अनुभवी माणसाने, आणि तो स्वतः या स्फोटात गेला. साक्षी कंपनीच्या बाजूच्या असल्याने त्या जपूनच वाचायला हव्यात. पण ते कोणीही मांडलेले असो, ते इतरांना पटले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. काम लांबले होते, खर्च वाढला होता, हे खरेच आहे. पण केवळ लोभी साहेब आणि शूर कामगार एवढ्यावर भागवले की मोठा धडा निसटतो. जाणकार माणसांनीही नकोशा आकड्याला हवासा अर्थ दिला.

हे वाचताना आपल्याला आपली प्रयोगशाळा आठवायला हवी. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ च्या जवळ आले नाही, तर विद्यार्थी काय करतो? वहीतला आकडा खोडतो. आपणही ‘जुळवून घे’ म्हणतो, कारण परीक्षकाला हवे ते उत्तर ठाऊक असते. न जुळणारे वाचन म्हणजे चूक, ही सवय आपणच लावतो. चूक कोठे आहे ते शोध, असे आपण क्वचितच सांगतो.

रबराच्या बाबतीत चित्रपट कमी पडतो. समुद्रतळावर विहिरीच्या तोंडाशी अनेक झडपांचा उंच मनोरा असतो. त्याला बीओपी म्हणतात. त्यात रबराचे जाड कडे असते. ते दाबले की कुकरच्या रिंगसारखे नळीभोवती घट्ट बसते. त्याच्या खाली नळी कापून विहीर बंद करणारी पोलादी पाती असतात. त्या रात्री झडपा मिटायला लागल्या तोवर वायू त्यांच्या वर निघून गेला होता. पात्यांच्या जागी नळी वाकून एका कडेला सरकली होती, त्यामुळे ती नीट कापली गेली नाही, असे नंतरच्या तपासात आढळले. हे सगळे चित्रपटाच्या गदारोळात हरवते.

शिवाय आगीनंतर चित्रपट संपतो. विहीर त्यानंतर ८७ दिवस वाहत होती. मे महिन्यात तिच्यात जड चिखल आणि त्याबरोबर रबराचे तुकडे व गोल्फचे चेंडूही दाबून पाहिले. उपयोग झाला नाही. १५ जुलैला नवी टोपी बसवून प्रवाह थांबवला गेला. ऑगस्टमध्ये वरून सिमेंट भरले. शेजारून खोदलेल्या दुसऱ्या विहिरीतून तळाशीही सिमेंट गेले आणि १९ सप्टेंबरला विहीर कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. शिक्षकाच्या दृष्टीने हा भाग आगीइतकाच मोलाचा होता.

ही अमेरिकेतली गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. २७ मे २०२० रोजी आसाममधील बागजान येथील विहिरीतून वायू उफाळला आणि ९ जूनला तिने पेट घेतला. ती शांत करायला नोव्हेंबर उजाडला. दुसरा अडसर तपासून खात्री करण्याआधीच बीओपी काढली गेली, असा ठपका चौकशी समितीने ठेवला.

म्हणून चित्रपट जरूर दाखवा, पण दोन वाचनांच्या प्रसंगाशी थांबवा. फळ्यावर दोन नळ्या काढा, १,४०० आणि शून्य लिहा आणि वर्गाला विचारा, पुढे काय कराल? ‘काम थांबवू आणि पुन्हा मोजू’ हे उत्तर आले, तर तास सत्कारणी लागला.