मातीच्या मंचकावरील दांपत्य

एत्रुस्कन कला म्हणजे ग्रीकांची उसनवारी, असा शेरा आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. रोमच्या उत्कर्षापूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या या लोकांचे संग्रहालय पोप तिसरे ज्युलियस यांच्यासाठी १६व्या शतकात बांधलेल्या व्हिला जूलिया या प्रासादात आहे. चेरवेतेरी येथे १८८१ साली सापडलेली, सुमारे ४०० तुकड्यांतून जुळविलेली दांपत्याची शवपेटिका तेथे पाहिली नि तो शेरा आम्हांला सोडून द्यावा लागला.

भाजलेल्या मातीचे हे शिल्प इ. स. पूर्व ६व्या शतकाच्या उत्तरार्धातील. मेजवानीच्या मंचकावर पतिपत्नी रेलली आहेत; त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे. बदामी डोळे नि ओठांवरचे ठरावीक स्मित हे ग्रीकांचेच देणे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ग्रीकांच्या पानगोष्ठीत कुलीन पत्नीला स्थान नसे. येथे ती टोपी नि टोकदार पादत्राणे ल्यालेली, पतीच्या बरोबरीने बसून, बोलता बोलता हात पुढे करते आहे. हातांतील वस्तू केव्हाच हरवल्या. कमरेखाली मात्र दोन्ही देह चपटे होतात, पाय जणू दुसऱ्याच कुणाचे! याला दोष म्हणावे काय? आमच्या मते कलावंताने आपले सारे बळ चेहरे नि हात यांवर वेचले. मांडीच्या स्नायूंशी त्याला कर्तव्य नव्हते.

त्यांच्या मंदिरांचे लाकूड नि कच्च्या विटा काळाने गिळल्या. उरली ती खडकात कोरलेली थडगी, आणि ती घरासारखी आहेत. चेरवेतेरीच्या बांदिताच्चा दफनभूमीत छताच्या तुळया, दारांच्या चौकटी, मंचक हे सारे मऊ ज्वालामुखीजन्य खडकातून खोदून काढलेले दिसते. ‘उठावशिल्पांचे थडगे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या दालनात तर दोर, सुऱ्या, भांडी गिलाव्यात घडवून भिंतीखांबांवर टांगली आहेत, गृहिणीने रात्री स्वयंपाकघर आवरून ठेवावे तशी.

धर्मगुरू या नात्याने दांपत्याच्या स्मितात पुनरुत्थानाची आशा वाचण्याचा मोह आम्हांला झाला. तो आवरला पाहिजे. त्यांचे धर्मग्रंथ जवळजवळ सारे लुप्त झाले आहेत. आपली श्रद्धा त्यांच्या ओठी घालणे न्याय्य नव्हे. शिवाय तार्क्विनियाच्या ‘ओर्कोच्या थडग्यात’ गिधाडाच्या चोचीचा, केसांत सर्प वळवळणारा तुखुल्खा राक्षस भिंतीवर उभा आहे. तेथे मेजवानीवर सावट पडले आहे. चेरवेतेरीचे दांपत्य त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे.